वेशीपासून वाळूपर्यंत : मगरिबच्या अभ्यासाची प्रस्तावना

मोरोक्कोला जाणाऱ्या पर्यटकाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. मराकेशला उतरायचे, जमा अल-फना चौकात संध्याकाळ घालवायची, तिझी न'तिश्काच्या घाटाने ॲटलास पर्वत ओलांडायचा, अइत बेनहद्दूच्या मातीच्या गढीसमोर फोटो काढायचे, मेरझुगाजवळच्या टेकड्यांवर उंटावरून सूर्यास्त पाहायचा, तंबूत रात्र काढायची आणि शेवटी फेसच्या गल्लीबोळांत हिंडून विमान गाठायचे. या कार्यक्रमाला नावे ठेवावीत असे मला वाटत नाही. त्यातली प्रत्येक जागा लांबून येऊन पाहण्याच्या योग्यतेची आहे. अडचण वेगळीच आहे. या यादीत शहर एकीकडे पडते आणि वाळवंट दुसरीकडे. मधला घाट, मधली गावे आणि मधले खजुराचे मळे मोटारीच्या काचेतून मागे सरकत राहतात. प्रत्यक्षात फेस आणि मराकेश ही शहरे वाळवंटातून येणाऱ्या मालावर मोठी झाली आणि वाळवंटातली वस्ती शहरांतल्या भांडवलावर, धान्यावर आणि कायद्यावर टिकली. एकाला सोडून दुसरे समजत नाही. हे नाते समजून घेणे हाच या पुस्तकाचा विषय आहे आणि पर्यटक म्हणून निघालेल्या वाचकाचे त्यात मनापासून स्वागत आहे.

मगरिब म्हणजे इथे मोरोक्को, अल्जिरिया, ट्युनिशिया आणि लिबियाचा पश्चिम भाग. इजिप्त मुद्दाम बाहेर ठेवला आहे, कारण नाईलकाठचा इतिहास वेगळ्या गणितावर चालतो आणि त्याचा अभ्यासही स्वतंत्रपणे वाढलेला आहे. मगरिबचा अभ्यास मात्र एका विद्याशाखेत मावत नाही. पुरातत्त्व, भूगोल, स्थापत्य, धर्मशास्त्र, पाण्याचे शास्त्र आणि मानववंशशास्त्र या सगळ्यांना तिथे एकत्र काम करावे लागते. म्हणून नवख्या माणसाला हे क्षेत्र अवघड वाटते. पण त्याचा एक फायदा असा की यातले बरेचसे पुरावे संग्रहालयांच्या कपाटांत नसून रस्त्यावर उघडे आहेत. डोळे उघडे ठेवून चालणाऱ्या माणसाला ते दिसतात.

मराठी वाचकाला या क्षेत्रात शिरण्यासाठी इब्न बतूतासारखा दुसरा सोबती नाही. तो 1304 साली तंजिरमध्ये जन्मला. मुहम्मद तुघलकाच्या दरबारी दिल्लीत काझी झाला आणि सुलतानाचा वकील म्हणून चीनकडे निघाला, तेव्हा दौलताबाद आणि नंदुरबार या वाटेने खंबायतला गेला. देवगिरीचा किल्ला, दौलताबादेतला गायक-गायिकांचा बाजार, नंदुरबारचे मराठे आणि त्यांचे खाणेपिणे यांच्या नोंदी त्याने ठेवल्या आहेत. या नोंदी कागदावर कुठे उतरल्या? फेसमध्ये. सुलतान अबू इनानच्या आज्ञेवरून इब्न बतूता सांगत गेला, इब्न जुझय्य या लेखकाने त्याला ग्रंथाचे रूप दिले आणि 1355 च्या अखेरीस काम पुरे झाले. त्याच सुलतानाने त्याच वर्षांत बांधलेला बू इनानिया मदरसा आज फेसमध्ये शिरताच लागतो आणि पर्यटकांना आतून पाहता येतो. चौदाव्या शतकातल्या मराठी मुलखाचे एक वर्णन याच शहरात लिहिले गेले, हे माहीत असले की तिथल्या कोरीव लाकडाकडे आपण थोड्या जास्त आपुलकीने पाहतो.

भारत आणि चीन पाहून परतल्यावर या माणसाने सहारा ओलांडला. 1352 च्या फेब्रुवारीत तो सिजिलमासा शहरातून निघाला. निघण्यापूर्वी त्याने उंट विकत घेतले आणि त्यांच्यासाठी चार महिन्यांचा चारा भरला. सिजिलमासात तो ज्याच्या घरी उतरला, त्याच्या भावाला तो आधी चीनमध्ये भेटला होता. एक भाऊ वाळवंटाच्या काठावर, दुसरा चीनमध्ये: त्या काळच्या व्यापारी आणि विद्वान कुटुंबांचा पसारा किती होता, हे या एका तपशिलातून कळते. पंचवीस दिवसांनी तो तगाझाला पोहोचला. तिथली घरे आणि मशीद मिठाच्या ठोकळ्यांची होती, वर उंटाच्या कातड्याचे छप्पर. झाड एकही नाही. मीठ खणणारे गुलाम होते. त्यांचे अन्न दूरवरून यायचे: सिजिलमासा आणि द्रा खोऱ्यातला खजूर, दक्षिणेकडची बाजरी, उंटाचे मांस. मीठ दक्षिणेला जायचे आणि तिकडून सोने उत्तरेला यायचे. माणसेही आणली जायची. परतीच्या वाटेवर इब्न बतूता ज्या काफिल्याबरोबर होता, त्यात सहाशे गुलाम स्त्रिया होत्या. हे त्याने सहज लिहून टाकले आहे. काफिल्यांचा इतिहास वाचताना उंट, घंटा आणि ताऱ्यांनी भरलेले आकाश यांतच रमणाऱ्यांनी हा आकडा विसरू नये. सहाराच्या व्यापाराचा कोणताही प्रामाणिक अभ्यास या स्त्रियांना वगळून होत नाही.

सिजिलमासा आज आहे कुठे? मेरझुगाच्या वाळूच्या टेकड्यांकडे जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पर्यटकाची गाडी रिस्सानी गावातून जाते. त्या गावाच्या कडेला पडक्या मातीच्या भिंती आहेत. तेच सिजिलमासा. आठव्या शतकात वसलेले, स्वतःच्या टाकसाळीत सोन्याचे दीनार पाडणारे शहर. 1988 पासून मोरोक्कन आणि अमेरिकन पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन केले. अवशेष डोळ्यांत भरणारे नाहीत, म्हणून गाड्या थांबत नाहीत. माझ्या मते या साऱ्या प्रवासातली सर्वांत महत्त्वाची जागा हीच आहे. रिस्सानीचा बाजार रविवारी, मंगळवारी आणि गुरुवारी भरतो. भोवतालच्या गावांतले लोक गाढवांवर माल लादून येतात. बाजार पाहून त्या भिंतींपाशी तासभर उभे राहिले, तर फेसमधल्या संगमरवराचा पैसा कुठून आला हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता वाळवंटाविषयी. सहाराचा विस्तार सुमारे 92 लाख चौरस किलोमीटर आहे आणि त्यात वाळूच्या टेकड्यांचा भाग पाव हिश्शापेक्षा फारसा जास्त नाही. बाकी उघडे खडकाळ पठार, दगडगोट्यांची मैदाने, डोंगर आणि कोरड्या नद्यांची पात्रे. पर्यटनाच्या छायाचित्रांनी वाळूला सगळा मान दिला; काफिले मात्र शक्य तितके वाळू टाळून दगडी मैदानांवरून जात. हा प्रदेश नेहमी असाच होता असेही नाही. सुमारे अकरा हजार ते पाच हजार वर्षांपूर्वीच्या काळात इथे पाऊस पडत होता, तळी होती, गुरे चरत होती. अल्जिरियातल्या तासिली न'अज्जेरच्या खडकांवर त्या गुरांची आणि गुराख्यांची चित्रे आहेत. 1956 साली आंरी लोतच्या पथकाने त्यांच्या नकला करताना रंग उठून दिसावेत म्हणून चित्रे ओली केली आणि त्यामुळे मूळ चित्रांची हानी झाली. या क्षेत्रातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे सुरुवातीलाच सांगायला हवे: अभ्यासकाचा हातही नासधूस करतो. शिवाय कोरडे वाळवंट पुरानेही मारते. मगरिबच्या वाळवंटावर लिहिणारी इझाबेल एबरहार्ट 1904 साली ऐन सफ्रा इथे अचानक आलेल्या पुरात वारली. 2024 च्या सप्टेंबरातल्या पावसाने आग्नेय मोरोक्कोतले, अनेक दशके कोरडे दिसलेले इरिकी तळे पुन्हा भरले.

वाळवंटात माणूस राहतो तो पाण्याच्या हिशोबावर. हा या अभ्यासाचा गाभा आहे, म्हणून इथे थोडे रेंगाळतो. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीखालच्या पाण्यापर्यंत एक विहीर खणायची, तिथून अगदी बेताच्या उताराने जमिनीखालून बोगदा काढायचा आणि कित्येक किलोमीटरवर मळ्याच्या तोंडाशी तो उघड्यावर आणायचा. मध्ये ठरावीक अंतरावर उभी भोके, माती काढायला आणि दुरुस्तीसाठी आत उतरायला. औरंगाबादची नहर-ए-अंबरी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही कल्पना चटकन उमगेल. मोरोक्कोत या बोगद्याला खेत्तारा म्हणतात, अल्जिरियात फोग्गारा. मराकेशला हे तंत्र उबैदुल्ला इब्न यूनुस नावाच्या कारागिराने आणले, असे बाराव्या शतकातला भूगोलज्ञ अल-इद्रिसी सांगतो. त्याच्यामुळे त्या शहराभोवती बागा झाल्या. म्हणजे मराकेशचे हिरवेपण वाळवंटाच्या विद्येतून आलेले आहे.

पाणी बाहेर आले की वाटणी सुरू होते. अल्जिरियातल्या तुआत आणि तिदिकेल्त भागांत बोगद्याच्या तोंडाशी दाते पाडलेला एक दगड बसवलेला असतो. त्यातल्या प्रत्येक फटीतून ठरलेल्या कुटुंबाच्या पाटात पाणी जाते. वाटा मोजणारा माणूस भोके पाडलेली तांब्याची पट्टी घेऊन बसतो, वारसाहक्क, विक्री आणि लग्नातली देणी यांनुसार अपूर्णांकांचा हिशोब करतो, आणि त्याचा शब्द गाव मानते. या पाणी-मोजणाऱ्यांचे ज्ञान 2018 साली युनेस्कोने तातडीने जपण्याच्या यादीत घेतले. ते नोंदवले गेले याचा आनंद आहे. तातडीच्या यादीत घ्यावे लागले याचे दुःख मोठे आहे.

अल्जिरियातल्या मझाब खोऱ्यात हाच विचार सबंध नगररचनेत उतरला. इस्लाममधल्या इबादी पंथाचे लोक, त्यांची ताहेर्त राजधानी 909 मध्ये पडल्यावर, आधी वार्ग्लाच्या बाजूला गेले आणि अकराव्या शतकापासून या उजाड खोऱ्यात त्यांनी पाच गावे वसवली. टेकडीच्या माथ्यावर मशीद, भोवती उतरत जाणारी घरे, शेवटी तटबंदी आणि बाजार. खजुराचे मळे वेगळे, खाली नदीपात्रात. ती नदी काही वर्षे वाहतच नाही. वाहिली की तिचे पाणी बंधारे, बोळ आणि मापून ठेवलेली भोके यांमधून प्रत्येक मळ्यात ठरल्याइतकेच जाते. वास्तुकार ल कोर्ब्युझिएने 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला हे खोरे पाहिले. आंद्रे राव्हेरो या वास्तुशास्त्रज्ञाने तिथे वर्षानुवर्षे काम केले आणि 1981 साली त्यावर पुस्तक लिहिले. बेनी इस्गेन या गावात आजही परक्याला स्थानिक वाटाड्याशिवाय आत सोडत नाहीत आणि माणसांचे फोटो काढू देत नाहीत. काही प्रवाशांना हे जाचक वाटते. मला ते योग्य वाटते. त्या गावाने आपल्या राहणीचे नियम स्वतः ठरवले म्हणूनच ते शतकानुशतके टिकले.

फेसकडे वळू. दोन तीरांवर दोन वस्त्या: एका बाजूला कॉर्डोव्हाहून आलेले निर्वासित, दुसऱ्या बाजूला केरवानहून आलेले. मध्ये नदी. अल्मोराविद राजवटीच्या काळापासून या नदीचे पाणी पाटांनी आणि नळांनी मशिदी, हमामखाने, पाणचक्क्या आणि घरांपर्यंत पोहोचत असे आणि सांडपाण्याची वाट वेगळी होती. नकाशा हातात घेऊन फेस कळत नाही. उतार पाहिला की कळते. वरच्या वेशीतून शिरलात की तलाआ केबिरा आणि तलाआ स्गिरा हे दोन्ही रस्ते तुम्हाला खाली करवीयीन मशिदीकडे नेतात. फातिमा अल-फिहरी या स्त्रीने 859 साली ती स्थापिली अशी परंपरा आहे. मशिदीला लागून अत्तरे, मेणबत्त्या, पुस्तके, उंची कापड अशा स्वच्छ आणि मौल्यवान मालाच्या पेठा. दुर्गंधीचे आणि भरपूर पाण्याचे धंदे खाली नदीकाठी. शुआराचे चामडी कमावण्याचे हौद तिथेच का आहेत, याचे उत्तर त्या उतारात आहे. सज्जातून हौदांचे फोटो काढताना पर्यटकाला पुदिन्याची काडी हुंगायला देतात; खाली चुन्यात आणि कबुतरांच्या विष्ठेत पाय बुडवून उभ्या असलेल्या कामगाराच्या नाकाशी ती नसते. फोटो काढणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे.

या शहरांना चक्रव्यूह म्हणण्याची लेखकांना फार सवय आहे. ही सवय सोडणे म्हणजे या क्षेत्रातला पहिला धडा. इथे प्रत्येक वळणाला कायदा आहे. सार्वजनिक रस्ता सात हात रुंद हवा, समोरासमोरून आलेली लादलेली जनावरे एकमेकांना ओलांडून जाऊ शकतील इतका. बंद बोळ हा त्यात दारे असलेल्यांच्या सामाईक मालकीचा. समोरच्याच्या दारासमोर दार काढायचे नाही, शेजाऱ्याच्या अंगणात नजर जाईल अशी खिडकी ठेवायची नाही, भट्टीचा धूर आणि जात्याची घरघर दुसऱ्याला त्रास देता कामा नये. चौदाव्या शतकात ट्युनिसमध्ये इब्न अल-रामी नावाचा गवंडी होता. काझी त्याला भिंतींचे तंटे तपासायला पाठवायचा, आणि त्या अनुभवावर त्याने बांधकामाच्या नियमांचा ग्रंथ लिहिला. बसीम हकीम यांनी 1986 च्या आपल्या पुस्तकात असे ग्रंथ आणि ट्युनिसचे प्रत्यक्ष रस्ते एकमेकांशी ताडून पाहिले. ते वाचून जुन्या ट्युनिसमध्ये हिंडणाऱ्याला प्रत्येक वळणामागे दोन शेजाऱ्यांमधली तडजोड दिसू लागते. पण नियमांच्या या जगाला गच्चीही होती. फेसमध्ये वाढलेल्या फातिमा मेर्निसी यांनी आपल्या बालपणाच्या कहाणीत ती दाखवली आहे: बोळात पुरुषांचे शहर, वर गच्च्यांवर बायकांचे. लिबियातल्या घदामेसमध्ये तर खालचे रस्ते छपराखाली आणि वर गच्चीवरून गच्चीवर जाणाऱ्या बायकांच्या स्वतंत्र वाटा होत्या. आपल्याला तळमजल्याचेच शहर दाखवले जाते, हे विसरू नये.

बाजाराविषयी एकच लेखन सुचवायचे तर फेसजवळच्या सेफ्रू गावातल्या बाजारावरचा मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांचा 1979 चा निबंध. बाजारात माल पुष्कळ असतो आणि खात्रीची माहिती दुर्मीळ. घासाघीस म्हणजे ती माहिती शोधण्याची रीत आणि ठरलेले गिऱ्हाईक म्हणजे ती टिकवण्याची सोय, असे ते दाखवतात. हे वाचलेला प्रवासी भाव करताना चिडत नाही.

या अभ्यासाची मुळे वसाहतकाळात आहेत, ही गोष्ट झाकून चालणार नाही. 1912 साली मोरोक्को फ्रान्सचे संरक्षित राज्य झाला. पहिला रेसिडेंट-जनरल ल्योते आणि त्याचा नगररचनाकार आंरी प्रोस्त यांनी जुन्या शहरांना हात न लावता शेजारी युरोपियनांसाठी नवी शहरे वसवली. या धोरणामुळे फेस वाचले, असे अनेक मार्गदर्शिका आदराने सांगतात. समाजशास्त्रज्ञ जॅनेट अबू-लुघोद यांनी 1980 मध्ये राबातच्या अभ्यासातून दुसरी बाजू मांडली: पाणी, पैसा, रुंद रस्ते नव्या शहराकडे गेले आणि वाढती मोरोक्कन लोकसंख्या जुन्या तटाच्या आत कोंबली गेली. त्यांनी त्याला नागरी वर्णभेद म्हटले, आणि मला त्यांचा निवाडा पटतो. मोरोक्कोतल्या बहुतेक मशिदींत बिगरमुस्लिमांना प्रवेश नाही, तो नियमही ल्योतेच्याच काळातला. ट्युनिशियात, 670 साली वसलेल्या केरवानच्या थोरल्या मशिदीच्या अंगणात कोणालाही जाता येते. चौदाव्या शतकातला इतिहासकार इब्न खल्दून वाचताना आणखी एक सावधगिरी बाळगावी. 1377 मध्ये अल्जिरियातल्या एका एकाकी गढीत बसून त्याने मांडलेला भटक्या टोळ्या आणि शहरे यांचा सिद्धान्त फार मोठा आहे. पण त्यावरून प्रत्येक उंटवाल्याला शहराचा शत्रू ठरवणे हा त्या ग्रंथावर अन्याय आहे. शहरांतली कला, हुन्नर आणि शिक्षण यांवरची त्याची प्रकरणे आधी वाचावीत.

आज या जगावर ताण आहे. मोटारपंपांनी जमिनीखालचे पाणी खाली गेले आणि रिस्सानीच्या परिसरातल्या, म्हणजे ताफिलाल्तमधल्या, कित्येक खेत्तारा कोरड्या पडल्या. खजुराला बायूद रोगाने ग्रासले. मराकेशच्या जुन्या घरांची पाहुणेघरे झाली आणि राहणारी कुटुंबे बाहेर गेली. 8 सप्टेंबर 2023 च्या भूकंपाने ॲटलासमधली मातीची गावे जमीनदोस्त केली, हजारो माणसे गेली आणि बाराव्या शतकातल्या तिनमेलच्या मशिदीची मोठी पडझड झाली. पर्यटक या सगळ्यापासून अलिप्त नाही. वाळवंटातल्या हॉटेलाच्या पोहण्याच्या तलावात जे पाणी असते, ते कुणाच्या तरी खजुराच्या वाट्याचे असते.

म्हणून जाणाऱ्यांना काही विनंत्या. ऑक्टोबर ते एप्रिल या काळात जा. हिवाळ्यातल्या वाळवंटी रात्रींसाठी गरम कपडे न्या. जुन्या शहरात पहिल्या दिवशी परवाना असलेला स्थानिक वाटाड्या घ्या आणि त्याला दुकानांऐवजी पाण्याचे हौद, भाकरीच्या भट्ट्या आणि मालाच्या सराया दाखवायला सांगा. माणसांचे फोटो विचारून काढा. वाळूच्या टेकडीवरची एक रात्र कमी करून तो दिवस रिस्सानीला द्या, एरफूदजवळच्या एखाद्या खेत्तारात उतरून पाहा. आणि परतल्यावर जे पाहिले ते मराठीत लिहा, कारण या प्रदेशावर मराठीत अजून खूप लिहिले जायला हवे आणि ते काम आता तुमचे आहे.